आधीचा रकाना

४ फेब्रुवारी

भावोजी,

ताईचा फोन आला होता. तीन वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं. म्हणाली, "लॅब बंद पडून सात महिने झाले. हे घरातच आहेत. आपले सगळे नळ दुरुस्त करून झाले, आता शेजारच्यांच्या नळांवर डोळा आहे. तू तिकडे लोकांचे बायोडेटा चाळतेस ना, यांचाही जरा बघ." बघते म्हणाले. तुमच्याशी फोनवर बोलणार नाही हेही सांगितलं. म्हणून हे पत्र, आणि सोबत तुमचा बायोडेटा, लाल खुणांसकट.

आमच्या कंपनीत चाचणीची यंत्रं बनतात. जागा निघाली की तांत्रिक लोकांचे अर्ज आधी माझ्या टेबलावर येतात. पहिल्या फेरीत एका अर्जाला अर्धं मिनिट मिळतं. तुमच्या बायोडेटाची पानं पाच. अर्ध्या मिनिटात मला तुमची उंची, वजन, रक्तगट, वडिलांचं नाव आणि गॉगल लावलेला फोटो एवढंच कळलं. उंचीचा उपयोग वरच्या फळीवरचं काही काढायला होईल. बाकीचं काढून टाका. फोटो तर आजच. त्यात एका बाजूला ताईचा अर्धा खांदा राहिलाय. कापायचाच होता तर पूर्ण कापायचा.

"आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे" हे उद्दिष्ट मी गेल्या महिन्याभरात एकोणीस अर्जांत वाचलं. तुमचा विसावा. ते खोडलंय. छंदांमध्ये "माणसं जोडणे" लिहिलंय, तेही खोडलंय.

सुरुवात शाळेपासून केली आहे. बारा वर्षं लॅब चालवलेल्या माणसाला शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं, हे वाचणाऱ्याला शेवटी कळलं तरी चालेल आणि नाही कळलं तर उत्तम. शेवटची नोकरी सगळ्यात वर घ्या. दोन पानांत बसवा. मेलच्या पत्त्यात "किंग" आहे, तो काढून साधा नाव-आडनावाचा पत्ता उघडा.

आणि अनुभवाच्या पुढे "आजतागायत" लिहिलंय. त्या लॅबच्या जागी आज गोदाम आहे. तिथे आजतागायत तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं तर? खरा महिना लिहा. सात महिन्यांची रिकामी जागा दिसली म्हणून कुणी दचकत नाही. ती झाकलेली दिसली की दचकतात.

हे सगळं मी फुकट करत नाही. बायोडेटा पूर्ण होईपर्यंत मी तपासेन, हवा तितक्या वेळा. त्याबदल्यात तुम्ही ताईला त्या बॉयलरच्या गेजबद्दल खरं सांगायचं. तुमच्या तोंडाने, तुमच्या घरी बसून. मी तिला तीन वर्षं काही सांगितलेलं नाही. पुढेही सांगणार नाही. ते काम तुमचं आहे.

धाकटी


१५ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र आणि बायोडेटाची दुसरी आवृत्ती मिळाली. "बाईसाहेब, तुमचे दात अजून शाबूत आहेत हे पाहून बरं वाटलं. अर्ज आहे की माझं शवविच्छेदन?" असं तुम्ही लिहिलंय. विनोद चांगला आहे. चार वर्षं तुमच्या हाताखाली होते, तेव्हाही तुमचे विनोद चांगलेच असायचे. माझ्या अटीबद्दल मात्र एक अक्षर नाही.

आवृत्ती दुसरी. पानं दोन झाली, बरं झालं. सोबतच्या पत्रात मात्र "आपल्या औषध कंपनीत काम करण्याची माझी अनेक वर्षांची इच्छा" असं आहे, आणि पत्र गेलंय वजनकाटे बनवणाऱ्यांना. आधीच्या अर्जावरून उतरवताना कंपनी बदलायची राहिली. अशी पत्रं मी वाचत नाही, सरळ बाजूला ठेवते. प्रत्येक अर्जासाठी पत्र नवं लिहा. जमत नसेल तर पाठवूच नका.

"लॅबची जबाबदारी सांभाळली", "गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली", "चमूची जबाबदारी सांभाळली". तीन ओळी, आणि काम एकाही ओळीत नाही. महिन्याला दाब मोजणारे किती गेज तपासून जायचे? तुम्ही आलात तेव्हा किती, सोडताना किती? आकडा लिहा. मी होते तोवर दोनशे दहावरून पाचशे चाळीस. मला पाठ आहे, कारण तो तक्ता दर महिन्याला मी काढत होते.

"लॅबची कामाची पुस्तिका तयार केली" ही ओळ खोडली आहे. ती पुस्तिका मी लिहिली. सत्तेचाळीस पानं. तुम्ही तिच्यावर मंजुरीची सही केलीत. तसं लिहायचं असेल तर लिहा: मंजूर केली.

आता शेवटच्या पानावरचं कौशल्य क्रमांक एक: "नोंदींच्या अचूकतेचा आग्रह."

या ओळीवर लाल पेन टेकवून मी बराच वेळ बसले होते. खोडली नाही. तुम्हीच खोडावी असं वाटतं. का, ते तुम्हाला माहीत आहे, पण आपल्या दोघांत हे कागदावर कधीच आलेलं नाही, म्हणून एकदा लिहिते.

लॅबमध्ये गेज आला की पहिलं काम त्याला हात न लावता तपासायचा आणि तो काय दाखवतो ते "आधी"च्या रकान्यात लिहायचं. मग काटा नीट करायचा. मग पुन्हा तपासून "नंतर"च्या रकान्यात लिहायचं. नव्या मुलांना वाटतं, महत्त्वाचा रकाना दुसरा. मला तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवलंत की महत्त्वाचा पहिला. गेज इतके दिवस किती खोटं बोलत होता ते फक्त तिथेच कळतं. एकदा काटा हलवला की ते कायमचं गेलं.

कपड्यांना इस्त्री करणाऱ्या कारखान्याच्या बॉयलरचा गेज होता. मी दुपारनंतर आले होते, ताईला डॉक्टरांकडे सोडून. त्यांचा टेम्पो दारात उभा होता. तुम्ही घाईत काटा आधी काढून बसवलात, आणि मग लक्षात आलं की "आधी"चा रकाना रिकामा आहे. "घेतलं नाही" असं लिहून त्यांना कळवायचं होतं. तुम्ही मनाने लिहिलंत: काही फरक नाही. हे मला पुढे तुमच्याकडूनच कळलं. त्या दिवशी मला एवढंच म्हणालात, "आकडे घेतलेत मी. तू फक्त रीडिंग घेणाऱ्याच्या जागी सही टाक. तपासणारा म्हणून माझी आहे, दोन्हीकडे माझी चालत नाही ना."

मी सही केली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर केली नसती. तुम्ही भावोजी होतात.

गेज वर्षभर कमी दाखवत होता, हे पुढे ताणलेल्या नळ्यांवरून निघालं. म्हणजे बॉयलर वर्षभर जास्त दाबाने चालला होता. आपल्या कागदावर फरक नाही म्हटल्यावर त्यांनी नळ्या तपासल्या नाहीत. दोन महिन्यांनी एक सांधा सुटला आणि इस्त्रीवाल्या एका बाईंचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत तुम्ही म्हणालात, "मी फक्त तपासलं. आकडे तिचे."

कॉरिडॉरमध्ये मला वेगळं म्हणालात: "ताई सातव्या महिन्यात आहे, डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हटलंय. सध्या गप्प बस. नंतर मी सगळं निस्तरतो."

तुमची मुलगी पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल.

धाकटी


२७ फेब्रुवारी

भावोजी,

"झालं गेलं. तुला चांगली नोकरी लागली ना शेवटी? मग आता ते उकरून कुणाचं भलं होणार? ताईला उगाच त्रास." इति तुमचं पत्र.

शेवटी लागली. मधलं तुम्हाला ठाऊक नाही, सांगते. मला काढल्याच्या पत्रावर कारण होतं: रीडिंग न घेता आकडे लिहिले. आपल्या धंद्यात हे कारण लागलेल्या माणसाला गेज पुसायलाही कुणी ठेवत नाही. मी बारा ठिकाणी मुलाखतीला गेले. बायोडेटात त्या चार वर्षांपुढे काय लिहायचं यावर पुष्कळ सल्ले मिळाले. कुणी म्हणालं "वैयक्तिक कारण" लिही, कुणी म्हणालं ती चार वर्षं गाळूनच टाक. मी लिहिलं: "मी न घेतलेल्या रीडिंगवर सही केली, म्हणून काढण्यात आलं." अकरा जणांनी ते वाचून चहा पाजला आणि निरोप दिला. बाराव्यांनी विचारलं, "मग आकडे कुणाचे होते?" मी म्हणाले, "सही माझी होती." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बोलावलं.

तुमचं नाव मी बारापैकी एकाही ठिकाणी घेतलं नाही. ते तुमच्यासाठी नव्हतं. ताईच्या पाळण्याच्या दोरीला हात लावायचा नव्हता.

त्याच सुमारास ताई मला म्हणाली होती, "तू असं करशील असं वाटलं नव्हतं गं. यांची मान खाली गेली तुझ्यामुळे." बाळंतपणानंतर भेटायला गेले होते तेव्हा. तुम्ही खिडकीपाशी उभे राहून संत्रं सोलत होतात. एक फोड मला दिलीत.

तिसरी आवृत्ती तपासली. आता ती चांगली आहे. तारखा बरोबर, आकडे आहेत, पुस्तिकेपुढे "मंजूर केली" लिहिलंय, पत्र नवं आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी पुढे पाठवला असता. कौशल्य क्रमांक एक तुम्ही खोडलेलं नाही.

माझं काम पूर्ण झालं. तुमचं बाकी आहे. "नंतर बघू" असं पुन्हा लिहू नका.

धाकटी


१२ मार्च

भावोजी,

सोमवारी दुपारी मला एक फोन आला. समोर एक बाई होत्या, आवाजावरून पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. एका मोठ्या चाचणी लॅबमधून बोलत होत्या. म्हणाल्या, "प्रमुखाच्या जागेसाठी एक अर्ज आहे. रेफरन्स म्हणून तुमचं नाव आणि नंबर दिलाय."

मी तपासलेल्या आवृत्तीत रेफरन्स नव्हते. ते तुम्ही पाठवताना घातलेत. माझ्या आताच्या कंपनीचं नाव आणि माझा हुद्दा घालून. मला न विचारता. या एका चुकीबद्दल मी तुम्हाला लिहायला विसरले, हा माझा दोष: ज्याचं नाव द्यायचं त्याला आधी विचारायचं असतं. पण मी लिहिलं असतं तरी तुम्हाला ते आपल्याला लागू आहे असं वाटलं नसतं. घरच्या माणसाला काय विचारायचं.

बोलणं असं झालं.

"तुम्ही त्यांच्या हाताखाली होतात?"

"चार वर्षं."

"काही नातं?"

"त्यांनी लिहिलं नाही?"

"इथे 'माजी सहकारी' आहे."

"मी त्यांची मेहुणी."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मग तुमचं मत कितपत धरायचं मी?"

"मत धरूच नका," मी म्हणाले. "घडलेलं सांगते. चौकशीचा अहवाल कुठे मिळेल तेही सांगते. ताडून बघा."

मी गेजचं सांगितलं. टेम्पो, रकाना, सही, भाजलेला हात, चौकशी. माझी सही होती हे सुरुवातीलाच सांगितलं आणि शेवटी पुन्हा सांगितलं. कॉरिडॉरमधलं सांगितलं नाही, ते घरचं होतं. सहा मिनिटं लागली.

त्या म्हणाल्या, "म्हणजे घेऊ नये म्हणता?"

"असं मी म्हटलं नाही. काटा बसवताना त्यांच्याइतका स्थिर हात मी पाहिला नाही. दिवसाला पंधरा गेज करतील, एकही परत येणार नाही. त्यांना गेज दुरुस्तीच्या बेंचवर बसवा. सर्टिफिकेटवरची सही दुसऱ्या कुणाची असू द्या."

"हे त्यांना मुलाखतीत विचारलं तर चालेल?"

"जरूर विचारा."

मुलाखत आज अकरा वाजता होती, त्यांनीच सांगितलं. मी हे पत्र आज दुपारी पेटीत टाकतेय. मुद्दाम. आधी कळवलं असतं तर रात्रीतून तुम्ही उत्तर घासूनपुसून नेलं असतं, आणि ते चांगलं वठलं असतं. तुम्ही तिथे जसे आहात तसे पोचायला हवे होतात. काटा हलवायच्या आत.

काय उत्तर दिलंत ते तुम्हाला माहीत आहे. मला नाही.

धाकटी


२५ मार्च

भावोजी,

तुमचं तीन ओळींचं पत्र मिळालं. "तू मला संपवलंस. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो सही तिची होती. त्या म्हणाल्या, सही आम्हाला माहीत आहे, आकडे कुणाचे? मी म्हणालो, आठवत नाही."

आठवत नाही. ठीक आहे. तुमचं रीडिंग मिळालं.

संपवलं असं तुम्ही म्हणता, पण कालपर्यंतची माहिती माझ्याकडेही आहे, कारण ताईचा फोन आला होता. त्यांनी तुम्हाला प्रमुखाची जागा दिली नाही, बेंचची दिली. एक तारखेला रुजू व्हायचंय. वरिष्ठ म्हणून सत्तावीस वर्षांची एक मुलगी आहे आणि सर्टिफिकेटवर सही तिची. तुम्ही आकडे लिहायचे, ती ते पुन्हा घेणार, मग सही करणार. मला ही व्यवस्था चोख वाटते. चार वर्षं आपल्याकडे अशीच असायला हवी होती.

ताईला ती चोख वाटली नाही. ती काय म्हणाली ते लिहिते, कारण त्या वेळी तुम्हाला फक्त तिची बाजू ऐकू येत होती.

"अगं, बारा वर्षं लॅब चालवलेल्या माणसाला पोरीच्या हाताखाली बसवतात? सहीचासुद्धा अधिकार नाही म्हणे. हे चार दिवस नीट जेवले नाहीत. तुझा नंबर दिला होता यांनी तिथे. तू काही बोललीस का?"

"बोलले."

"काय बोललीस?"

"भावोजी घरी आहेत?"

"समोरच आहेत. हिला बूट घालतायत."

"त्यांना विचार, इस्त्रीच्या कारखान्याच्या गेजचे आकडे कुणी लिहिले."

"कुठला गेज? ते तुझं जुनं प्रकरण? आता काय त्याचं?"

"एवढंच विचार."

"थांब, फोन ठेवून विचारते."

"ठेवू नकोस. चालू राहू दे."

तिने फोन कानापासून लांब नेला. टेबलावर ठेवला असावा, आवाज लाकडावर आल्यासारखा आला. मग तिने तुम्हाला जसंच्या तसं विचारलं, एकही शब्द न बदलता. ताई निरोप नेहमीच नीट पोचवते.

मुलगी म्हणाली, "बाबा, हा दुसरा पाय." मी तिचा आवाज पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकला. तुम्ही तिचा बूट काढून दुसऱ्या पायात घातलात बहुतेक, कारण ती म्हणाली, "हां, आत्ता."

मग तुम्ही म्हणालात, "सही तिची होती."

ताई म्हणाली, "सहीचं नाही विचारलं तिने. आकड्यांचं विचारलं."

तुम्ही म्हणालात, "अगं, आता त्याला काय—"

"मी विचारतेय."

माझ्या समोर भिंतीवरचं घड्याळ आहे, सेकंदकाट्याचं. ते बघत होते. एकवीस सेकंद. एवढ्या वेळात एक गेज दाबाला लावून सोडता येतो. तुम्हाला माहीत होतं की फोन चालू आहे आणि दुसऱ्या टोकाला मी आहे. तुम्ही आणखी काही बोललात तर ते आम्ही दोघीही ऐकणार, आणि आमच्यातली एक तिथे तेव्हा हजर होती. मी घसा खाकरला नाही, श्वासही जपून घेतला. मदत करायची नव्हती.

"आकडे मी लिहिले," तुम्ही म्हणालात. "ती आली तेव्हा लिहून झाले होते. मी तिला सही टाकायला सांगितली."

त्यावर ताई काय म्हणाली, ते मी ऐकलं नाही. मी फोन ठेवला होता. ते तुम्ही एकट्याने ऐकायला हवं होतं.

धाकटी